कारखान्यातला चित्रकार

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं करिअर’. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईने दुसरं काय बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार. पण त्याच फोनवर मला दुसरी एक गोष्ट कळली. आपण सगळ्यांनी मिळून जो निधी जमवला, त्यातून शाळेला डिजिटल फळे द्यायचे ठरत आहे, आणि ते बसवण्यासाठी चित्रकलेची खोली रिकामी करायची आहे. ‘तू त्याच लाइनमधली, कोटेशन जरा बघून दे,’ असं मला सांगितलं. कोटेशन मी बघितलं आहे, त्यावर शेवटी बोलते. त्याआधी एका चित्रकाराबद्दल बोलायचं आहे. एआयवरचं भाषण ऐकायला जे खास पुढे येऊन बसलेत, त्यांनी माफ करावं.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त मी पोलंडमधल्या एका शहरात महिनाभर होते. त्याचं स्पेलिंग वाचून आपण ‘लॉड्झ’ म्हणू, पण तिथली माणसं ‘ऊच’ म्हणतात. अर्थ होडी. नावात होडी असली तरी सांगण्यासारखी मोठी नदी शहरात नाही. आहे, किंवा होता, तो कापूस. १८२० साली तिथे ७६७ माणसं राहत होती. शतक संपायच्या आत वस्ती तीन लाखांवर गेली, ती सगळी सूत आणि कापडाच्या गिरण्यांमुळे. लाल विटांच्या, किल्ल्यासारख्या इमारती. त्यांच्या शेजारी मालकांचे महाल आणि मागे कामगारांच्या चाळी.

मी खामगावची, म्हणजे कापसाच्या गावची. त्यामुळे माझे कान टवकारले. आपल्या गावाचं नशीबही त्याच शतकात त्याच कापसाने उघडलं होतं. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. जलंबहून खामगावपर्यंत तेवढा एक फाटा रेल्वेने टाकला, १८७० मध्ये तो सुरू झाला. आपण लहानपणी ज्या गाडीने जलंबला जाऊन मोठी गाडी पकडायचो, ती मुळात माणसांसाठी नव्हतीच, गाठींसाठी होती. फरक इतकाच की ऊचमध्ये कापूस यायचा आणि कापड होऊन बाहेर पडायचा. आपल्याकडे सरकी काढायची, गाठ दाबायची आणि पाठवून द्यायची.

१९८९ नंतर पोलंडची जुनी व्यवस्था कोसळली, रशियाचा बाजार गेला आणि ऊचच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यातल्या एका मोठ्या गिरणीचं २००६ मध्ये खरेदी-संकुल झालं. माझे सहकारी तिथे रमले. मला त्यात विशेष वाटलं नाही, मॉल तो मॉल. पण १९०७ साली बांधलेलं जुनं वीजकेंद्र आहे, त्यात आता विज्ञानकेंद्र आहे, तारांगण आहे, आणि कॉमिक्सचं एक केंद्र आहे. कॉमिक्सचं! आपण उन्हाळ्याच्या सुटीत चार आणे रोजाने भाड्याने आणायचो ना, वेताळ, मांड्रेक, तेच प्रकरण. त्या शहरात १९९१ पासून कॉमिक्सचा उत्सव भरतो. म्हणजे गिरण्यांची धुराडी विझत होती त्याच वर्षांत काही चित्रकार मंडळी एकत्र जमत होती.

तिथल्या एका सहकाऱ्याने सहज विचारलं, ‘तुमच्याकडे आहे का असं एखादं गाव? कारखाना आणि चित्रकार?’ मी पटकन लालबाग-परळ सांगितलं. गिरण्या, १९८२ चा संप, आता तिथे उभे असलेले टॉवर. पण हे सगळं झालं कारखान्याचं. चित्रकार कोण, असं त्याने परत विचारल्यावर मला सुचेना. पुण्याला परत आल्यावर पुस्तकांच्या कपाटासमोर उभी असताना सुचलं. उत्तर माझ्याच घरात होतं, माझ्या आईच्या पिढीच्या तर रोजच्या वाचनात होतं.

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी किंवा वाचनालयातून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकं यायची? हात वर करा. बघा, बाईंनी तर दोन्ही हात वर केले. माझी आई वाचनालयातून ‘स्त्री’ आणायची आणि परत करायच्या आदल्या रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली संपवायची. हे मासिक काढलं कुणी, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. ते काढलं शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी, ‘शंवाकि’. ते चित्रकार होते. मासिक सुरू केलं तेव्हा त्यांची नोकरी होती नांगराच्या कारखान्यात.

ही गोष्ट नीट सांगायची तर त्यांच्या काकांपासून सुरुवात करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये ते शिकायला गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. आता चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक चित्रकलेकडे वळले, म्हणजे यंत्राचे आराखडे काढण्याकडे, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवू लागले. नंतर बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानाने त्यांना कुंडल स्टेशनजवळचं माळरान दिलं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रामायणातल्या प्रसंगांची चित्रं स्वतः काढून त्यांनी चित्ररामायणाचं पुस्तक प्रसिद्ध केलं, तेही १९१६ साली. सूर्यनमस्कारवाले राजे म्हणून आपल्याला ते माहीत असतात, चित्ररामायण काढणारे राजे म्हणून माहीत नसतात. म्हणजे बघा, चित्रकार व्हायला निघालेला कारखानदार आणि त्याला माळ देणारा चित्रकार राजा. अशा माळावर तिसरा चित्रकार आला नसता तरच नवल.

शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. जन्म १८९१ चा, सोलापूरचा. पंडित सातवळेकर, जे पुढे वेदांचे अभ्यासक म्हणून नावाजले, ते आधी चित्रकार होते. त्यांच्या हाताखाली शंकरराव चित्रकला शिकले. शिकून झाल्यावर आले कुठे? काकांच्या कारखान्यात, जाहिरातीचं काम करायला. पुतण्या होता म्हणून नोकरी लागली, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येतं. ज्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर म्हटलं की भीती वाटते आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला तुम्ही पत्रक छापून काय सांगणार? त्याला चित्रच दाखवावं लागणार. नांगर, बैल, उलटलेली माती, आणि धरणारा माणूस आपल्यासारखाच दिसणारा. हे काम गिऱ्हाइकाचा विचार करू शकणाऱ्या चित्रकाराचंच आहे. आम्ही आज ज्याला ‘युजर’ म्हणतो आणि ज्याच्यासाठी दहा-दहा जणांच्या टीम बसवतो, तो माणूस शंकररावांनी शंभर वर्षांपूर्वी कागदावर उभा केला.

१९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. मला यात भाबडेपणा करायचा नाही. ते कारखान्याचं पत्र होतं, माल खपावा म्हणून काढलेलं. पण चित्रकाराच्या हातात चार पानं आली की तो केवळ नांगराचं वजन छापून थांबत नाही. त्यात गोष्टी आल्या, व्यापाराबद्दलचं लेखन आलं, आणि शंकररावांची स्वतःची व्यंगचित्रं आली. अंधश्रद्धा, निरर्थक रूढी, आळस, सगळ्यांना त्यांनी रेषेने टोचलं. त्यांच्या व्यंगचित्रांच्या संग्रहाचं नावच ‘टाकांच्या फेकी’. मागच्या रांगेतल्या मुलांना टाक म्हणजे काय ते माहीत नसेल. लाकडी दांड्याला लावलेलं धातूचं निब, ते दौतीत बुडवायचं. बुडवून जरा झटकलं की शाई उडायची, ती कुणाच्या सदऱ्यावर पडेल याचा नेम नाही. व्यंगचित्रांना याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही.

१९२९ मध्ये ‘खबर’ गळलं आणि मासिक नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’ने छापले. ‘स्त्री’मध्ये बायका स्वतःबद्दल लिहू लागल्या. पुढे विद्या बाळ त्याच मासिकाच्या संपादक झाल्या. पुण्या-मुंबईची मासिकं असतील असं वाटतं ना? पुण्याला ती नंतर गेली. आधी कितीतरी वर्षं ती त्या माळावरून निघत होती. एका बाजूला नांगराचं ओतकाम आणि त्याच वसाहतीत छापखाना. अख्ख्या मराठी मध्यमवर्गाचं वाचन एका कारखान्याच्या गावात तयार होत होतं, आणि त्याचं टपाल कुंडल रोडच्या छोट्या स्टेशनातून चढत होतं. त्या स्टेशनाचं नाव आता किर्लोस्करवाडीच आहे.

शंकररावांनी काकांचं चरित्र लिहिलं, ‘यांत्रिकाची यात्रा’. हीच माझ्या कपाटातली प्रत, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली. एका इंजिनिअरचं चरित्र चित्रकाराने लिहिलेलं आहे, म्हणून मला ते जास्त आवडतं. यंत्राबद्दल लिहिताना यंत्रवाल्यांना जे सांगायची गरजच वाटत नाही, ते चित्रकाराला दिसतं. १९७५ च्या पहिल्या दिवशी शंकरराव गेले.

पोलंडच्या त्या सहकाऱ्याला मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘पण तो कारखाना बंद कधी पडला?’ पडलाच नाही. तिथे अजून पंप तयार होतात. आणि मला यातच फरक दिसला. ऊचमध्ये कारखाना मेला, मग रिकाम्या जागेत चित्रकार आले. किर्लोस्करवाडीत चित्रकार कारखान्याच्या बरोबरीने आला, पहिल्यापासून पगारावर होता, त्याचं टेबल तिथेच होतं. ऊचची गोष्ट ऐकायला सुंदर आहे, पण त्यात दोन पिढ्या बेकार झाल्या. मला दुसरी गोष्ट पसंत आहे.

आता आपल्या खोलीकडे येते.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात, म्हणून जरा जपून बोलते. तुम्ही आम्हाला एलिमेंटरीला बसवलं, मग इंटरमिजिएटला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि ती कर्तव्यभूमिती. शेवटच्या पेपरला आम्ही सगळे वैतागायचो. चित्रकलेत कंपास कशाला, असं आमचं म्हणणं. पुढे शेगावला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’ नावाचा विषय आला आणि बोर्डात आलेली पोरं त्यात आपटली. वस्तू समोरून कशी, वरून कशी, बाजूने कशी, हे त्यांच्या डोळ्यांसमोर येईना. खामगावहून एसटीने रोज येणाऱ्या आम्हा तिघींना मात्र ते सोपं गेलं. तिघीही तुमच्या खोलीतल्या.

एकदा स्मरणचित्राचा विषय होता ‘बाजाराचा दिवस’. मी आपल्या जिनसमोरच्या कापसाच्या गाड्या काढल्या. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, सीझनमध्ये गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत यायची आणि माणसं दोन-दोन रात्री गाडीखाली झोपायची. तुम्ही माझं चित्र बघितलं आणि म्हणालात, ‘हा बैल खुर्चीसारखा उभा आहे. जाऊन बघून ये.’ मी आणि माझी मैत्रीण, ती आत्ता स्वयंपाकघरात मठ्ठ्याचं बघते आहे, दुपारभर जिनसमोर वही घेऊन बसलो. एक गाडीवाले काका आले. ‘काय लिहू राह्यली वं पोरी?’ मी म्हटलं, लिहीत नाही, बैल काढते. ते वहीत वाकून बघत म्हणाले, ‘मंग बराबर काढ. माह्या बैलाचं डावं शिंग मोडेल हाये.’

त्या दिवसानंतर मी मोडलेलं शिंग बघायला शिकले. माझ्या नोकरीत पगार मला त्याचाच मिळतो. प्रोग्राम लिहिण्याआधी आम्ही फळ्यावर चौकोन आणि बाण काढतो. कुठून काय येतं, कुठे जातं, कुठे अडकतं. ज्याला ते काढता येतं त्याला चूक आधी दिसते. एआयबद्दल मला आज एवढंच सांगायचं आहे की तो आता कोडही लिहितो आणि चित्रही काढतो, झकास काढतो. त्याचा बैल मात्र बहुतेक वेळा दोन्ही शिंगांचा, गुटगुटीत आणि कुणाचाच नसलेला असतो. त्यात काय चुकलंय ते बघणारा माणूस लागतोच. आणि तो माणूस फळ्यावर बोट फिरवून तयार होतो असा माझा अनुभव नाही.

ते जिन आता बंद आहे. तिथे प्लॉट पडलेत. त्याबद्दल रडायला मी आले नाही, कापसाचं अर्थशास्त्र आपल्या हातात नव्हतं. खोली आपल्या हातात आहे. सर निवृत्त झाल्यापासून चित्रकला शिक्षकाचं पद रिकामं आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं बाहेर क्लास लावतात, कारण इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण वाढीव मिळतात. ज्यांना क्लास परवडतो त्यांना ७ गुण, ज्यांना परवडत नाही त्यांना शून्य. पंधे गुरुजींनी टिळक राष्ट्रीय विद्यालयात चित्रकला रुजवली ते हे गाव, आणि आपल्या शाळेत आज रंगाची बाटली उघडणारं कुणी नाही.

आता कोटेशन. फळे चांगले आहेत, कंपनीबद्दल माझी तक्रार नाही. पण किमतीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की सॉफ्टवेअरचं शुल्क तीन वर्षांनंतर दरवर्षी भरावं लागेल. ते कोण भरणार, याची नोंद आपल्या ठरावात नाही. शिवाय मागितलेत सहा. मुख्याध्यापकांशी मी बोलले. आत्ता एकूण दोन वर्गांत असा फळा चालेल इतपत वायरिंग आहे. उरलेले चार पेटीत राहतील.

म्हणून माझी सूचना अशी. दोन फळे घ्यावेत, ते नववी आणि दहावीच्या वर्गात बसवावेत. चित्रकलेची खोली तशीच ठेवावी. वाचलेल्या पैशांतून छताची गळती काढावी, डेस्क दुरुस्त करावेत, आणि तासिका तत्त्वावर एक चित्रकला शिक्षक तीन वर्षांसाठी नेमावा. मानधनाचा हिशोब मी केला आहे, बसतो. दर शनिवारी सकाळी एक तास यायला सर तयार आहेत. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘मी काय घरी बसून भिंती मोजतो की काय?’

मला माहीत आहे, फळ्यावर ‘१९९५ ची तुकडी’ अशी पाटी लागली की ती सगळ्यांना दिसते. तासिकेवरच्या शिक्षकाच्या कपाळावर पाटी लावता येत नाही. आपल्यातले काहीजण यावर नाराज होतील, दोघांनी तर काल रात्रीच मला फोनवर तसं सांगितलं. त्यांचं म्हणणं आहे की मी पुण्यात बसून गावच्या पोरांना कॉम्प्युटरपासून लांब ठेवते. त्यांना मी एवढंच म्हटलं की कॉम्प्युटर लॅब चालू राहावी म्हणून माझा वेगळा चेक मी आजच देते आहे. तो या निधीतला नाही.

चहाच्या टेबलावर दोन कागद ठेवलेत. एकावर मूळ ठराव आहे, दुसऱ्यावर माझी सूचना, हिशोबासकट. ज्याला जे पटेल तिथे सही करा, संध्याकाळच्या बैठकीत मोजू. खोली मी सकाळी उघडून घेतली आहे. आपल्या वेळचे ब्रश अजून त्या डालड्याच्या डब्यात आहेत, केस झडलेत पण आहेत. भिंतीवर आपल्यातल्या एकाचं १९९४ चं संकल्पचित्र आहे. कुणाचं ते सांगत नाही, सही खाली आहे. जेवणाला अजून अर्धा तास आहे. किल्ली माझ्याकडे आहे, चला.